मुदत टळली, म्हणून न्यायही टळावा काय?

हिंगोली जिल्ह्यांतील पुसेगांवच्या पेठेंत दोन दुकानें शेजारीं शेजारीं आहेत, अशी वाचकांनीं क्षणभर कल्पना करावी. पहिल्या दुकानदारानें स्वतःच्या नांवावर कर्ज काढून हळदीचा व्यापार केला व तो बुडाला. दुसऱ्यानें कर्ज काढलें नाहीं. पाहुण्याच्या जिनिंग कंपनीसाठीं बँकेच्या कागदावर जामीनदार म्हणून सही मात्र केली, आणि कंपनी बुडाली. दोघांविरुद्धही नादारीचे हुकूम झाले. दोघेही दोन महिने अंथरुणास खिळले व दोघांचीही अपिलाची मुदत टळली. दुखणें एक, चूक एक; परंतु दोघांना लागणारा कायदा मात्र एक नाहीं!

पहिल्याचा निवाडा १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यानें होतो. त्यांत जिल्हा न्यायालयाकडे अपील करण्यास तीस दिवसांची व उच्च न्यायालयाकडे नव्वद दिवसांची मुदत आहे. पण त्याच कायद्याच्या ७८ व्या कलमानें मुदतीच्या कायद्याचें पांचवें कलम या अपिलांस लागू केलें आहे. उशिरास पुरेसें कारण होतें अशी न्यायाधीशाची खात्री पटली, तर तो उशीर माफ करूं शकतो. किती दिवसांपर्यंत, याला कायद्यानें कुंपण घातलेलें नाहीं. १९८७ मध्यें अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें या पांचव्या कलमाचा अर्थ उदारपणें करावा असेंच सांगितलें.

दुसऱ्याची गांठ २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेशीं पडते. कंपन्यांच्या जामीनदारांना ती १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली. तिच्यांत अपिलाला तीस दिवस, आणि पुरेसें कारण दाखविल्यास फार तर आणखी पंधरा. शेहेचाळिसाव्या दिवशीं कारण कितीही खरें असो, दार बंद! अपील न्यायाधिकरणाला या पंधरा दिवसांपलीकडे जाण्याचा अधिकार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२१ मध्यें स्पष्ट केलें.

आतां हे दिवस मोजावयाचे कोठून? २२ ऑक्टोबर २०२१ च्या दुसऱ्या निकालांत ठरलें, कीं हुकूम न्यायाधिकरणांत उच्चारला गेला त्या दिवसापासून. पक्षकारास विनामूल्य नक्कल मिळेल तेव्हांपासून नव्हे. त्या प्रकरणांत हुकूम ३१ डिसेंबर २०१९ चा होता. अपीलकर्ता सही-शिक्क्याच्या नकलेसाठीं अर्ज न करतां विनामूल्य नकलेची वाट पाहत बसला व त्याचें अपील बुडालें. मुंबईच्या एका प्रकरणांत मात्र १७ मे २०२३ ही तारीख घातलेला हुकूम त्या दिवशीं उच्चारलाच गेला नव्हता. तो ३० मे रोजीं संकेतस्थळावर आला. तेथें ३० मे पासूनच मुदत मोजावी, असा न्याय ४ डिसेंबर २०२३ रोजीं मिळाला.

संहितेच्या कर्त्यांची बाजू पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. बुडालेल्या कारखान्याची यंत्रें गंजत असतां अपिलें वर्षानुवर्षें रेंगाळलीं, तर धनकोच्या हातीं भंगार उरतें. आणि धनको हाही पुष्कळदां व्यापारीच असतो. पण घाई आणि न्याय यांत निवड करण्याची वेळ येते, तेव्हां घाईलाच सदैव मान द्यावा हें आम्हांस मान्य नाहीं. खेड्यांतला जामीनदार, हुकूम मुंबईस, अपील दिल्लीस, आणि भाषा इंग्रजी! त्यानें पंचेचाळीस दिवसांत हें सर्व साधावें, ही अपेक्षा मोठमोठ्या बँकांच्या मापानें शिवलेली आहे.

म्हणून आमची मागणी माफक आहे. जामीनदार व्यक्तींपुरती तरी मुदत हुकुमाची नक्कल हातीं पडल्यापासून मोजावी. मालमत्तेची वाटणी झालेली नसेल तोंवर, आजारासारख्या सिद्ध कारणासाठीं, पंधरा दिवसांपलीकडे माफी देण्याचा अधिकार न्यायाधिकरणास असावा. आणि हुकुमाचा मराठी सारांश, अपिलाच्या शेवटच्या तारखेसह, पक्षकारास पाठवावा.

कायदा बदलेपर्यंत व्यापारी बंधूंनीं एवढें तरी करावें: हुकूम झाल्याच्या दिवशींच नकलेसाठीं अर्ज द्यावा, कारण नक्कल तयार होण्यास लागलेला काळ मुदतींतून वजा होतो. आजाराचे, प्रवासाचे, टपालाचे कागद तारीखवार जपून ठेवावेत. आणि पाहुण्यासाठीं जामिनाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं तो कागद वकिलाकडून वाचवून घ्यावा. सही करण्यास एक क्षण पुरतो. ती निस्तरण्यास मात्र कायद्यानें फक्त पंचेचाळीस दिवस दिले आहेत.