खंडेनवमीपूर्वी पितळी वाद्यांची निगा

भाद्रपद सरतो, पावसाचा जोर ओसरतो आणि आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसरात या दिवसांची शोभा काही निराळीच असते. १६४६ मीटर उंचीच्या शिखरावर कळसूबाईची यात्रा भरते आणि बारी गावाकडून भाविकांची रीघ लागते. प्रवरेच्या उगमाकडचा रतनवाडी-घाटघरचा हा मुलूख जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाचा. अशा दमट हवेत चार महिने पडून राहिलेली पितळी तुतारी उत्सवासाठी खाली काढावी, तो तिच्या अंगावर काळ्या रेघांचे जाळे दिसते. चिंच लावून कितीही घासले तरी ते हटत नाही.

याचे कारण पितळेत नसून त्यावरील लेपात असते. चकाकी टिकावी म्हणून पितळेवर पारदर्शक रोगण देतात. बाजारात त्याला लॅकर म्हणतात. हा शब्द परका वाटला तरी त्याचे मूळ आपल्याच ‘लाक्षा’ शब्दात आहे. पांडवांसाठी रचलेल्या लाक्षागृहाची लाख ती हीच. आज मात्र या लेपात बहुधा कृत्रिम राळ असते. लेप अखंड असेतो पितळ झळाळते. परंतु हाताळण्याने तो जागोजागी फाटला की ओल आत शिरते आणि काळिमा लेपाखालीच पसरतो. मग वरून घासणे व्यर्थ ठरते. जुना लेप समूळ काढणे, हाच त्यावर उपाय होय.

प्रथम लेप आहे की नाही, हे पाहावे. एका कोपऱ्याला चिंचेचा कोळ लावावा. पितळ लगेच उजळले, तर तेथे लेप नाही; डाग तसाच राहिला, तर लेप आहे असे समजावे. लेप असल्यास कढत पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून वाद्य त्यात काही वेळ ठेवावे. भांडे ॲल्युमिनियमचे नसावे, कारण सोडा त्या धातूला खातो. लांब वाद्य मावत नसेल, तर त्याला फडके गुंडाळून त्यावर तेच पाणी सोडत राहावे. लेप सैल होऊन पापुद्र्यासारखा सुटू लागतो. तो मऊ कापडाने काढावा. हातमोजे अवश्य घालावेत. सांधे मेणाने वा लाखेने बसवलेले असतील, तर तेथे कढत पाणी लावू नये. ते काम जाणत्या तांबटावर सोपवावे. जुना लाखेचा लेप स्पिरिटनेही विरघळतो, पण स्पिरिट आणि लाख दोन्ही ज्वालाग्राही आहेत. जवळ निरांजन वा उदबत्ती तेवत असता हे काम मुळीच करू नये.

लेप निघाल्यावर चिंचेचा कोळ थोडाच वेळ लावून वाद्य स्वच्छ धुवावे. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिलाफ. आंबटात ते फार वेळ राहिले, तर पृष्ठभागावरील जस्त निघून जाते आणि तांबूस छटा उरते. फुंकण्याच्या तोंडाशी साचलेला हिरवा कळंक विषारी असतो. तो आठवणीने काढावा. शेवटी वाद्य आतबाहेर पूर्ण कोरडे करावे.

अमोनियायुक्त द्रव मात्र कटाक्षाने टाळावा. ब्रिटिश अमलात आपल्याकडील पावसाळ्यात सैन्याच्या काडतुसांची पितळी नळकांडी साठवणीतच तडकत असत. घोड्यांच्या तबेल्यांतून येणारा अमोनिया, दमट हवा आणि घडणीत धातूत राहिलेला ताण, हे त्याचे कारण पुढे १९२१ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तुतारीचा पत्राही ठोकून, वाकवूनच घडवलेला असतो. त्यालाही तोच धोका आहे.

आणखी एक मोह आवरावा, तो यंत्रावर झिलई देण्याचा. प्रत्येक झिलईबरोबर पत्रा झिजतो आणि त्यावर कोरलेली अर्पण करणाऱ्याची नावे व सालही पुसट होत जातात. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील पोर्तुगीज घंटेवर १७२१ हे साल आजही वाचता येते, म्हणूनच तिचा इतिहास आपल्याला कळतो. आपल्या देवळातील वाद्यावरची चार अक्षरेही तितक्याच मोलाची आहेत. घासताना अक्षरांवर हात हलकाच फिरवावा.

लेप काढलेले पितळ पुन्हा काळवंडणार, हे खरे. पण आता तो काळिमा वरवरचाच असतो आणि सणासुदीला थोड्या श्रमात निघतो. शुद्ध मेणाचा पातळ हात दिला, तर तेज अधिक टिकते. खंडेनवमीला शस्त्रे-अवजारांबरोबर वाद्यांचीही पूजा करावी. पूजेनंतर ओले हळदकुंकू हलक्या हाताने पुसून वाद्य कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला ती तुतारी निर्मळ सुरात वाजेल आणि पुढच्या पिढीच्या हाती ती अभंग पोहोचेल.