मालक सैनिक की नुसते त्याचे नाव?

सातबारा एकाच्या नावे आणि वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकार आपणा शेतकऱ्यांना नवा नाही. अमेरिकेत सरकारी कंत्राटांत तेच घडले. तेथे काही कामे माजी सैनिकांच्या लहान धंद्यांसाठी राखून ठेवतात. मग काय, सैनिकाला नावापुरता मालक करायचे आणि नफा भलत्यानेच खायचा! खरा कष्टाळू सैनिक कामावाचून राहायचा.

म्हणून २००६ च्या कायद्याने पडताळणीचे काम तेथील माजी सैनिक खात्याकडे दिले. १ जानेवारी २०२३ पासून ते लघुउद्योगांचे सरकारी खाते पाहते. धंद्यात निदान ५१ टक्के मालकी माजी सैनिकांची हवी. पण तेवढ्याने भागत नाही. रोजचा कारभार कोण पाहतो, मोठे निर्णय कोण घेतो, हेही कागद मागवून तपासतात. दाखल्याला फी नाही. मुदत तीन वर्षांची.

एक सवलत मात्र माणुसकीची वाटते. सैन्यातील सेवेमुळे कायमचे, गंभीर अपंगत्व आलेल्या सैनिकाच्या वतीने त्याची पत्नी किंवा कायम सांभाळ करणारी व्यक्ती कारभार पाहू शकते.