धानीच्या टोकावरील झाकण

पावसाळा ऐन भरात आला, की सह्याद्रीच्या सदाहरित रानांत कुजत पडलेल्या काटक्यांवर गुलाबी-नारिंगी रंगाच्या, सडपातळ देठाच्या इवल्या वाट्या उगवतात. ही कुकिना वंशातील चषकाकृती कवके होत. वाटीच्या बाहेरील अंगास लांब केस असतील, तर ती कुकिना ट्रायकोलोमा असावी, एवढा अंदाज नुसत्या नजरेने बांधता येतो. परंतु नजरेच्या साक्षीवर निकाल देणे धोक्याचे, कारण तळाशी चपट्या गोळ्या बाळगणारा सायाथस हाही वाटीच्याच आकाराचा असून कुळाने मात्र भूछत्रांचा आप्त आहे.

यास्तव रानातच तपशिलाची नोंद करावी: वाटी लाकडावर आहे, मातीवर, शेणावर, की जळक्या जमिनीवर, आतला व बाहेरचा रंग कोणता, काठावर स्कुटेलिनियासारखे ताठ काळसर केस आहेत काय, आणि मोडल्यावर, पेझिझा वंशाच्या काही जातींत येतो तसा, पिवळा चीक येतो काय. पक्व वाटीवर हलकेच फुंकर घातली, तर कधी कधी बीजुकांचा धूसर लोट उसळतो, कारण हजारो धान्या एकदम फुटतात. हे दृश्य ज्याने पाहिले, त्याला त्या धानीविषयी कुतूहल वाटल्यावाचून राहात नाही.

धानी म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी लांबट पिशवी. तिच्यात बहुधा आठ बीजुके ओळीने असतात. ती फुटते कशी, यातच वर्गीकरणाचे मर्म आहे: काहींचे टोक डबीच्या झाकणाप्रमाणे बिजागरीवर उघडते, काहींना केवळ छिद्र पडते. पेशाने औषधविक्रेते असलेले फ्रेंच संशोधक एमिल बूदिए यांनी 1885 साली याच भेदावर मांसल चषककवकांची विभागणी केली. पेझिझाच्या धानीचे टोक आयोडीनने निळे होते. मात्र नारिंगी-तांबड्या जातींत धान्यांमधील वंध्य तंतूंत कॅरोटिनॉइड रंग असल्याने तेही आयोडीनने हिरवट होतात, आणि घाईत पाहणारा त्याच छटेला धानीचा दाखला समजतो.

माझे आग्रहाचे म्हणणे असे, की कोणतेही रसायन घालण्यापूर्वी पातळ काप साध्या पाण्यात पाहावा. पोटॅशचे द्रावण किंवा लॅक्टिक आम्ल पेशी मारते. मग धान्या आक्रसतात, बीजुकांतील तेलाचे थेंब एकमेकांत मिसळतात, आणि जे मापावयाचे तेच नाहीसे होते. बीजुकांवरील जाळी वा खवले मात्र कॉटन ब्लूमध्ये ठळक उमटतात व वाळवून कागदी पाकिटात ठेवलेल्या नमुन्यातही वर्षानुवर्षे टिकतात. थेंबांची संख्या व तंतूंचा रंग मात्र ताज्या वाटीतूनच, त्याच दिवशी, चित्र काढून नोंदवावा लागतो.