पायाची नाडी पाहिल्याशिवाय शेक नको

'पाय गार पडतात, मुंग्या येतात, चालताना पोटरी भरून येते' अशी तक्रार आपल्या चिकित्सालयांत नित्याचीच आहे. मनगटावरची नाडी आपण निष्ठेने पाहतो. पायाची मात्र क्वचितच. काही वर्षांपूर्वी या उपेक्षेची किंमत आमच्या एका रुग्णाला मोजावी लागली.

पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ, विडीचे जुने व्यसन, मधुमेहही जुनाच. पोटरीतील वेदना ऐकून आम्ही गृध्रसी ठरवली आणि तैलाभ्यंग व पत्रपोट्टली स्वेद सुरू केला. पंधरवड्यात करंगळीजवळ फोड उठला. पाय बधिर असल्याने चटका त्यांना समजलाच नव्हता. व्रण भरेना आणि अखेर बोट गमवावे लागले. दुखणे किती चालल्यावर सुरू होते, हे आम्ही विचारले ते सर्व झाल्यावर. उत्तर त्यांच्यापाशी तयार होते: घरून निघाल्यावर देवळाच्या पायरीपाशी रोज थांबावे लागे, दोन मिनिटे नुसते उभे राहिले की पुन्हा चालता येई.

निदानाची किल्ली इथेच होती. गृध्रसीची कळ वाकताना, खोकताना वाढते, बसूनही छळते. धमनी अरुंद झाल्याची वेदना ठराविक श्रमाने येते व विश्रांतीने ओसरते. रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावरच बरे वाटत असेल, तर अवरोध फार पुढे गेला आहे असे समजावे.

तपासणीस पाच मिनिटे पुरतात. रुग्णास अंगठा वर उचलावयास सांगावे. पावलाच्या पाठीवर उठून दिसणाऱ्या कंडरेच्या बाहेरच्या कडेला एक नाडी लागते, दुसरी आतल्या घोट्यामागे. पहिली काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून दोन्ही पायांतील दोन्ही नाड्या पाहाव्यात. मग पाय उचलून धरल्यास पांढरा पडतो का, खाली सोडल्यावर गडद लाल होतो का, तेही पाहावे. हीच लाली पाहून वातरक्त समजण्याची चूक होते. घोट्यावरील वरचा रक्तदाब भागिले दंडावरील, हे गुणोत्तर ०.९० वा त्याहून कमी आल्यास धमनीविकार मानतात. मात्र मधुमेहात धमन्या कठीण झालेल्या असल्यास आकडा फसवा, १.४० च्याही वर येतो. तेव्हा डॉप्लर करून घ्यावे.

अशा पायावर स्वेद, अग्निकर्म, जलौका वा घट्ट पट्टबंधन करू नये. वातरक्त-चिकित्सेत रक्तमोक्षण सांगणाऱ्या चरकांनीही रूक्ष, वातप्रधान, म्लान अंगातून रक्त काढू नये असे बजावले आहे. हा भाग आपण घाईने ओलांडतो. व्यसन पूर्ण सुटले पाहिजे, हे रुग्णास पुन्हा पुन्हा सांगावे. व्रण व विश्रांतीतील वेदना नसल्यास पोटरी दुखेपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे असा क्रम आठवड्यातून तीनदा अर्धा-पाऊण तास, किमान तीन महिने ठेवावा. हृदयरोगाची शंका असल्यास तत्पूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी. आधुनिक चिकित्सकांनी दिलेली रक्त पातळ ठेवणारी वा चरबीवरची औषधे आपल्या सल्ल्याने बंद होऊ नयेत. पाय अकस्मात गार, फिकट व बधिर झाल्यास काढ्यात वेळ घालवू नये. काही तासांतच पाय हातचा जातो, म्हणून थेट रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाकडे पाठवावे.

औषधी दुकानदार बंधूंसही एक विनंती. 'पाय बधिर आहे, एखादे तेल द्या' असे सांगणाऱ्या मधुमेही ग्राहकाला बाटली देण्याआधी पायावर जखम आहे का, एवढे विचारावे. गरम पाण्याची पिशवी व आवळ मोजे तर वैद्याने पाय पाहिल्यावाचून विकूच नयेत.