‘पिशवी साफ करणं’ आणि दोन सह्या

मी डॉक्टर नाही, आयटीतला माणूस. पण हा विषय आपल्या घरांत कुजबुजीतच राहतो, म्हणून आज सरळ बोलू.

आपल्याकडच्या जुन्या ‘क्युरेटिंग’मध्ये गर्भाशय आतून खरवडत. जागतिक आरोग्य संघटना आता ते नको म्हणते. इथे साधारण १४ आठवड्यांपर्यंत बारीक नळीने गर्भ ओढून घेतात. काही मिनिटांचं काम, बहुतेक जणी त्याच दिवशी घरी येतात. पुढच्या आठवड्यांत गर्भाशयाचं तोंड जास्त उघडावं लागतं, चिमटेही वापरतात.

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये १९६७ च्या कायद्यानुसार बहुतेक गर्भपातांना २४ आठवड्यांची मर्यादा आणि दोन डॉक्टरांची संमती लागते. ही दुसरी सही मला जुनाट वाटते. गर्भाला पहिल्या दिवसापासून जीव मानणारे डॉक्टर सहभाग नाकारू शकतात. मात्र बाईचा जीव धोक्यात असेल तर नाही.

हे ‘मात्र’ किती मोलाचं, ते बेळगावच्या डॉ. सविता हलप्पनवार यांच्यामुळे कळतं. आयर्लंडमध्ये १७ व्या आठवड्यात त्यांचा गर्भ वाचणार नव्हता, तरी ठोके चालू म्हणून गर्भपात नाकारला. जंतुसंसर्गाने २८ ऑक्टोबर २०१२ ला त्या गेल्या. २०१८ मध्ये आयरिश मतदारांनी राज्यघटनेतली बंदी काढली.

आणि हो, इंग्लंडमध्ये जीपीकडे न जाता थेट गर्भपात सेवेला फोन करता येतो. रिसेप्शनवर ओळखीच्या काकू बसत असतील, तर हे माहीत असलेलं बरं.