सिंधूसाठी रडलो, गीतेला हसलो

वाशीमच्या बँकेत एक बाई महिन्याला पन्नास रुपये भरायची. पासबुक मात्र माझ्याकडे ठेवायची. “साहेब, इथंच राहू द्या, घरी दिसलं त दारूत जाईल.” नियमात बसत नव्हतं, पण ठेवलं.

मला ‘एकच प्याला’ आठवे. जानेवारी १९१९ मध्ये गडकरी सावनेरला वारले. पुढच्याच महिन्यात नाटक रंगभूमीवर आलं. दळण दळणारी, मार सोसणारी सिंधू बालगंधर्वांनी उभी केली. पुरुषाने साकारलेली ही बाई घरोघरी स्त्रीत्वाचं माप ठरली! तळीरामाची गीता तोंडाची फटकळ, म्हणून हसण्यावारी गेली. मीही हसलो होतो. दारुड्या नवऱ्याला तोंडावर सुनावते ती मात्र गीताच.

बदली झाली तेव्हा ते पासबुक नव्या साहेबांच्या हाती दिलं.