जुनीं नाणीं आणि अवघड गिऱ्हाईक

सराफाच्या दुकानांत विकणारा आणि घेणारा यांच्यामध्यें एक फळी असते. त्या फळीवर नाणें वाजवून पाहिलें, उजेडांत फिरवून पाहिलें, तराजूंत टाकून पाहिलें, म्हणजे दोघांच्याहि मनांतील बहुतेक शंका तेथल्या तेथें मिटतात. ऑनलाइन बाजारांत ही फळीच नाहींशी झाली आहे. विकणारा रत्नागिरीस असतो, घेणारा नागपुरास. मध्यें असतात तीं दोनचार छायाचित्रें, वर्णनाच्या पांचसहा ओळी आणि टपालांतील एक पाकीट. नाणें हातीं पडण्यापूर्वींच गिऱ्हाइकाचे पैसे गेलेले असतात. अशा व्यवहारांत संशय उत्पन्न झाला, तर त्यांत नवल तें काय?

आजोबांच्या पेटींत निघालेलीं नाणीं अशा रीतीनें विकणारीं घरें आज पुष्कळ आहेत. प्रथमच विक्री करणाऱ्या अशा गृहस्थाला एखादें हट्टी गिऱ्हाईक भेटलें, कीं त्याची पंचाईत होते. समोरचा मनुष्य अजाण आहे, चिकट आहे, कीं लबाड आहे, हें त्याला कळत नाहीं. लबाडाला साधा समजलें तर पैसा बुडतो. पण साध्याला लबाड समजलें तर त्याहून मोठें नुकसान होतें. एक प्रामाणिक मनुष्य अपमानित होतो, विक्रेत्याचें नांव जातें आणि नाण्यांचा नाद लागूं पाहणारा एखादा तरुण त्या नादाला कायमचा मुकतो. म्हणून गिऱ्हाइकाची पारख करणें हें नाण्याच्या पारखीइतकेंच महत्त्वाचें आहे.

पहिली गोष्ट ही, कीं निम्म्या तक्रारींचें बीज वर्णनांतच असतें. तांब्याच्या शिवराईचें उदाहरण घ्यावें. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें असतात. तीं पाहून विक्रेता उत्साहानें ‘शिवाजी महाराजांच्या वेळचें नाणें’ असें लिहून टाकतो. वास्तविक याच धर्तीच्या शिवराया पुढें पेशवाईंतहि पाडल्या जात होत्या. जाणत्या गिऱ्हाइकानें ही चूक दाखविली, तर तो भांडखोर ठरत नाहीं. चूक वर्णनाची असते. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयाचेंहि तसेंच आहे. १८६२ हें साल कायम ठेवून ते रुपये १८७४ पर्यंत पाडले गेले. मुंबईच्या टांकसाळींतील रुपयांवर बारीक ठिपके आढळतात आणि संग्राहक त्यांच्या संख्येवरून व जागेवरून नाण्याचा प्रकार ठरवितात. छायाचित्रांत ते ठिपके स्पष्ट दिसत नसतील, तर गिऱ्हाइकानें दहा प्रश्न विचारले तरी त्याचा राग येऊं देऊं नये. त्याला किमतीचा फरक ठाऊक आहे, इतकाच त्याचा अर्थ.

दुसरा वर्ग शंकेखोरांचा. नाणें हातीं पडल्यावर हे लिहितात, ‘चित्रांत होतें तितकें हें चांगलें नाहीं.’ येथें भांडणाचें मूळ बहुधा ‘उत्तम’, ‘सुंदर’ अशा शब्दांत असतें. एकाचें उत्तम तें दुसऱ्याचें मध्यम. ही अडचण जगभर जाणवली आहे. विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थानें १९४९ मध्यें जुन्या सेंटांसाठीं एकपासून सत्तरपर्यंत आंकड्यांची एक मोजपट्टी सुचविली. तिच्याच आधारें प्रत ठरवून नाणें सीलबंद करून देणाऱ्या पीसीजीएस व एनजीसी या संस्था तेथें अनुक्रमें १९८६ व १९८७ मध्यें निघाल्या. साध्या नाण्यावर तो खर्च परवडत नाहीं. म्हणून घरगुती विक्रेत्यानें विशेषणें टाकून मापें द्यावींत. व्हिक्टोरियाच्या रुपयाचें मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा होतें. विकावयाचा रुपया ११.५ ग्रॅम भरत असेल, तर तसें लिहावें. तो घांसून चकचकीत केलेला असेल, कांठावर खांच असेल, दागिन्यासाठीं लावलेली कडी काढल्याची खूण असेल, तर तेंहि लिहावें. दोष आधींच सांगितलेल्या मालाबद्दल हुज्जत घालणें फार थोड्यांना साधतें.

इतकें करूनहि एखादा असंतुष्ट राहिलाच, तर वाद न घालतां नाणें परत घेणें शहाणपणाचें. ‘ठरल्या मुदतींत, पाठविलेल्याच स्थितींत नाणें परत करावें, पूर्ण रक्कम मिळेल,’ एवढें एक वाक्य आधींपासून लिहिलेलें असावें. प्रामाणिक शंकेखोर या वाक्यानें निर्धास्त होतो आणि पुष्कळदां नाणें ठेवूनहि घेतो.

तिसरें गिऱ्हाईक घासाघीस करणारें. हजारांचें नाणें तें तीनशेंस मागतें आणि नकार मिळाला तरी रोज नवा निरोप धाडतें. घासाघीस हा गुन्हा नव्हे. ती आपल्या बाजाराची जुनी रीत आहे. येथें सौम्य आणि आंखूड उत्तर पुरे होतें: ‘आपल्या विचारणेबद्दल आभारी आहे. किंमत नऊशेंच्या खालीं येणार नाहीं.’ दुसऱ्या निरोपास तेंच उत्तर द्यावें; तिसऱ्यास न दिलें तरी चालतें. रागाचें एक वाक्य मात्र कायम लिहिलेलें राहतें आणि पुढचें गिऱ्हाईक तें वाचतें.

आतां राहिला तो खरा लबाड. त्याचीं लक्षणें ठराविक आहेत. तो नाण्याविषयीं कांहींच विचारीत नाहीं, किमतीस लगेच रुकार देतो आणि घाई करतो. मग पैसे घेण्यासाठीं म्हणून एक क्यूआर कोड धाडून मोबाइलवर गुप्त अंक दाबावयास सांगतो. पैसे घेण्यासाठीं गुप्त अंक कधींच लागत नाहीं. तो लागतो पैसे देण्यासाठीं. एवढें ध्यानांत ठेवलें तरी मोठें संकट टळतें. पैसे भरल्याचें चित्र दाखविलें जातें, त्यावरहि विसंबूं नये. रक्कम बँकेच्या खात्यांत पाहावी. दुसरा एक लबाड वैष्णोदेवीच्या चित्राचें २०१२ सालचें पांच रुपयांचें साधें नाणें लाखाला मागतो आणि त्यापूर्वीं ‘नोंदणी’, ‘कर’ वा ‘दलाली’ म्हणून कांहीं हजार उकळूं पाहतो. कित्येकदां तो रिझर्व्ह बँकेचें नांव पुढें करतो. अशा व्यवहारांशीं आपला कांहींएक संबंध नाहीं, असें त्या बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें जाहीर केलें आहे.

सर्वांत धूर्त तो, कीं जो अस्सल नाणें ठेवून घेतो आणि त्याच्या जागीं बनावट किंवा झिजलेलें नाणें परत पाठवितो. त्याच्यापुढें शपथा चालत नाहींत, पुरावा चालतो. दोन्ही बाजूंचीं व कांठाचीं मोठीं छायाचित्रें, तराजूवर नाणें ठेवून वजनाचा आंकडा दिसेल असें एक चित्र आणि पाकीट बंद करतांनाचें चलच्चित्र हीं जवळ असलीं, तर नाण्याची अदलाबदल उघडी पाडतां येते. प्रत्येक नाण्यावरचे ओरखडे माणसाच्या हातावरील रेषांसारखे निराळे असतात. बोलणें संकेतस्थळावरच लेखी ठेवावें, नाणें विमा उतरवून पाठवावें आणि परत आलेलें पाकीट उघडतांनाहि चित्रण करावें.

परदेशांतील गिऱ्हाइकाच्या बाबतींत एक बंधन निराळेंच आहे. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षें वा त्याहून जुनें नाणें ही पुरावस्तु होय, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. ‘पाकिटावर बटणें म्हणून लिहा,’ अशी सूचना करणारें गिऱ्हाईक कितीहि गोड बोललें तरी त्यास नकारच द्यावा.

विक्रेत्याच्या हातीं शिक्षा करण्याची सत्ता फारशी राहिलेली नाहीं, हेंहि लक्षांत घ्यावें. ईबे या प्रसिद्ध संकेतस्थळानें २००८ मध्यें गिऱ्हाइकाविषयीं प्रतिकूल शेरा देण्याचा विक्रेत्याचा अधिकार काढून घेतला. कारण सूडाच्या शेऱ्याच्या भीतीनें गिऱ्हाइकें खऱ्या तक्रारीहि दडपूं लागलीं होतीं. म्हणजे विक्रेत्याचें बळ शेवटीं त्याच्या कागदांत आणि त्याच्या शब्दांत आहे. नाणें पाकिटांत घालण्यापूर्वीं खर्च केलेला अर्धा तास पुढच्या महिनाभराचा पत्रव्यवहार वांचवितो. शिवाय असा पुरावा ज्याच्याजवळ तयार आहे, त्याला प्रत्येक प्रश्नकर्त्याकडे संशयानें पाहण्याची गरज पडत नाहीं. त्याला उदार होणें परवडतें आणि लबाडाला नकार देतांना आवाज चढवावा लागत नाहीं.